तीन रंगांचा तक्ता की चार रकान्यांची वही? प्राथमिक वर्गातल्या शिस्तीच्या सामानाची पारख

जून उजाडला की सोलापुरात नवी पेठेतल्या आणि आसपासच्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत वह्या-कंपासांशेजारी शिक्षकांसाठीचं सामानही दिसू लागतं. हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांचे वर्तन-तक्ते, चमकत्या स्टारची पाकिटं, 'शाब्बास'चे शिक्के, वाळूची घड्याळं, टेबलावरच्या घंट्या. पहिली ते चौथीच्या वर्गातला दंगा, मारामाऱ्या, उलट उत्तरं आणि न केलेला अभ्यास या सगळ्यावर उपाय म्हणून हे सामान घेतलं जातं, आणि पुष्कळदा त्याचे पैसे वर्गशिक्षिकेच्याच पर्समधून जातात. म्हणून यातलं काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं आणि घेतलेलं कसं वापरावं, ते इथे तपशिलाने लिहिलं आहे.

पारखायला दोन प्रश्न पुरतात. हे साधन वापरल्यावर पुढच्या वेळी काय करायचं ते त्या मुलाला कळतं का? आणि मूल तसं का वागलं ते शिक्षकाला कळतं का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर ते साधन कितीही रंगीत असलं तरी नुसतं गुन्हेगाराचं नाव जाहीर करतं.

त्याआधी कायद्याचं एक सांगायला हवं, कारण खरेदीशी त्याचा थेट संबंध आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. छडी गेली हे सगळ्यांना माहीत आहे. पण राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत बेंचवर उभं करणं, दप्तर डोक्यावर घ्यायला लावणं, पायांखालून हात घालून कान धरायला लावणं हेही शारीरिक शिक्षेत मोडतं, आणि टोमणे मारणं, नावं ठेवणं, घरच्या परिस्थितीवरून बोलणं, सुधारावं म्हणून चारचौघांत लाजवणं हे मानसिक छळात. आपल्याकडच्या उठाबशा आणि ओणवं उभं करणं याच पंगतीतले. छडीची जागा ज्या साधनांनी घेतली, त्यांतली काही या दुसऱ्या यादीच्या फार जवळ जातात. पहिलाच नमुना तसा आहे.

तीन रंगांचा वर्तन-तक्ता

हा तीन बनावटींत मिळतो: फ्लेक्सवर छापलेला, सनबोर्डवर चिकटवलेला आणि फेल्ट कापडाचा खिसेवाला. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक चिमटा किंवा कार्ड. सकाळी सगळे हिरव्यावर, चूक झाली की पिवळ्यावर, पुन्हा झाली की लालवर.

आधी बनावटीचं बोलू. दोन फूट उंचीच्या तक्त्यात हिरवा पट्टा जेमतेम आठ इंचांचा असतो. कपड्याचा साधा चिमटा एक सेंटिमीटरहून थोडा रुंद. म्हणजे दोन्ही कडा मिळून हिरव्यावर तीसेक चिमटे बसतात. पट चाळीसचा असेल तर उरलेल्या दहा मुलांची नावं परिपाठ संपायच्या आतच पिवळ्यावर लागतात, आणि पहिलीतलं मूल ते खरंच मनाला लावून घेतं. फ्लेक्सला खालीवर पट्टी नसेल तर चिमट्यांच्या वजनाने कडा वळतात. डबल टेप मार्च-एप्रिलच्या सोलापुरी उन्हात सुटतो, आणि सुटताना भिंतीच्या डिस्टेंपरचे पोपडे घेऊन येतो. लावायचाच असेल तर खिळ्याला दोरीने टांगावा.

बनावटीच्या अडचणी दुरुस्त होतात. मुख्य दोष होत नाही. सकाळच्या शाळेत नऊला लालवर गेलेल्या मुलाकडे बारापर्यंत गमावण्यासारखं काही उरत नाही. ते उरलेले तीन तास नीट वागलं तरी चिमटा जागचा हलत नाही, आणि नाही वागलं तरी हलत नाही. शिक्षा जास्तीत जास्त तिथेच संपते हे मुलाला दोन दिवसांत कळतं. दुसरं म्हणजे लालवर रोज तीच तीन-चार नावं असतात. मधल्या सुट्टीत बाकीची मुलं त्यांना 'लाल्या' म्हणायला लागतात, पालकसभेला आलेले पालक भिंत वाचतात, आणि ज्याच्याशी खेळायला आता कोणी तयार नाही तो मुलगा मारामारीला आणखी सरावतो. तिसरं, चिमटा हलवताना शिक्षिकेला फळा सोडून भिंतीपाशी जावं लागतं. तास थांबतो, चाळीस डोकी वळतात. ज्याला लक्ष हवं होतं, त्याला ते भरभरून मिळतं.

आमचं मत स्पष्ट आहे: हा तक्ता मुलांच्या नावांनिशी लावू नये. आधीच घेतलेला असेल तर चिमटे काढून टाका आणि सगळ्या वर्गासाठी आवाजाचा इशारा म्हणून वापरा. हिरवा म्हणजे गटात बोलत काम करा, पिवळा म्हणजे शेजाऱ्याशी कुजबुज चालेल, लाल म्हणजे आता फक्त ऐका. एक मोठा बाण पुरतो. काम सुरू करताना बाण हलवायचा, गोंधळ झाल्यावर नाही. असा वापरला तर हाच तक्ता फार उपयोगी पडतो, कारण आत्ता काय अपेक्षित आहे ते तो आधीच सांगतो.

स्टारची पाकिटं आणि चिंचोक्यांची बरणी

स्टार घेण्याआधी हिशेब करा. चाळीस मुलं, आठवड्याला प्रत्येकी तीन स्टार, वर्षाचे साधारण पस्तीस कामाचे आठवडे: 4200 स्टार. दुकानदाराने दिलेली चार पाकिटं दिवाळीआधी संपतात. मग जानेवारीत स्टार बंद पडतात आणि मुलांना वाटतं, आता नीट वागण्याची गरज उरली नाही. बऱ्याच वर्गांत स्टार फसतात ते इथेच, आणि दोष मुलांवर येतो.

दुसरी चूक वाटपातली. 'छान वागलास' म्हणून स्टार दिला तर मुलाला काहीच कळत नाही, कारण छान म्हणजे काय ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. 'पुस्तक काढ म्हटल्यावर लगेच काढलंस', 'ढकललं तरी हात उगारला नाहीस, येऊन सांगितलंस' असं म्हणत त्याच क्षणी द्यायचा. शनिवारी एकत्र वाटलेला स्टार सहा-सात वर्षांच्या मुलाला सोमवारच्या वागण्याशी जोडता येत नाही. आणि दिलेला स्टार कधीही काढून घ्यायचा नाही. काढून घेतला की बक्षिसाचा दंड होतो, आणि स्टारही लाल-पिवळ्या तक्त्याच्याच मार्गाला लागतो.

तिसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. जे मूल एखादी गोष्ट आपणहून आवडीने करतं, त्याला तिच्यासाठी आधी कबूल केलेलं बक्षीस देऊ नये. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. ज्यांना अचानक मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. तेव्हा वाचनाची गोडी असलेल्या मुलीला पानामागे स्टार लावू नका. जे मूल जागेवर बसायला झगडतं आहे, त्याला बसण्यासाठी लावा आणि सवय लागत गेली की हळूहळू विरळ करा: आधी दर वेळी, मग दोन-तीन वेळांमागे एकदा, शेवटी नुसती मान डोलावली तरी पुरे.

स्टारपेक्षा बरं साधन म्हणजे सगळ्या वर्गाची एक बरणी. काचेची नको, प्लास्टिकची घ्या. गोट्यांऐवजी चिंचोके चालतात, ते घराघरांत असतात. वर्गाने ठरलेली गोष्ट केली की एक चिंचोका. गोष्ट एकच ठरवायची आणि मोजता येईल अशी: घंटा झाल्यावर शंभर आकडे होईपर्यंत सगळे जागेवर. बरणी इतकी लहान हवी की पहिल्यांदा चार-पाच दिवसांत भरेल. मोठी बरणी महिनाभर भरत नाही आणि पहिलीची मुलं तिच्याकडे बघणंच सोडून देतात. भरली की बक्षीस खर्चाचं नको: मैदानावर दहा मिनिटं जादा, आवडीची गोष्ट पुन्हा वाचणं, परिपाठात गाणं निवडायचा मान.

गटांची चढाओढ लावायची असेल तर एक जुनी रीत अजूनही उत्तम आहे. 1969 मध्ये बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी अमेरिकेतल्या चौथीच्या एका वर्गात ती प्रसिद्ध केली. वर्गाचे दोन संघ, नियम आधी सांगितलेले, मोडला की त्या संघाच्या नावापुढे फळ्यावर एक रेघ. ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिले तर दोन्ही संघ जिंकतात. हा दोन्ही जिंकण्याचा भाग आपल्याकडे नेमका गळतो. एकच जिंकणार म्हटलं की हरणाऱ्या संघातली मुलं 'याच्यामुळे हरलो' म्हणून एकाला धरतात. रोज एकाच तासाला, दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. एखादं मूल मुद्दाम संघाला हरवत असेल तर काही दिवस त्याचा एकट्याचा तिसरा संघ करावा आणि त्याला रागावू नये.

डायरीतला लाल शेरा

खाजगी शाळांची छापील डायरी आणि अनुदानित शाळांतली साधी वही, दोन्हींत शेऱ्यासाठी दोन-तीन ओळींची जागा असते. त्या जागेत बहुतेक वेळा असं लिहिलेलं असतं: 'वर्गात फार बोलतो. लक्ष द्यावे. पालकांची सही.'

या शेऱ्याने घरी काय होतं ते पाहा. शहराच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून विडी घरकुलपर्यंत, अनेक घरांत तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूने कन्नड. कित्येक घरांत उर्दू. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत, त्या याचमुळे. वडील यंत्रमागावर पाळीत, आई विड्या वळते. मराठी शेरा वाचून दाखवायला घरात एकच माणूस असतो: तो शेरा ज्याच्याविषयी आहे ते मूल. ते एकतर काहीतरी वेगळंच वाचतं, नाहीतर खरं वाचतं आणि मार खातं. शाळेने जी शिक्षा द्यायची नाही ती अशा शेऱ्यातून घरी पोचवली जाते. आणि 'लक्ष द्यावे' म्हणजे वर्गात नसलेल्या आईने नेमकं काय करावं?

चांगला शेरा असा असतो: 'गणिताच्या तासाला आज तीनदा जागा सोडली. उद्यापासून पहिल्या बाकावर बसवते. घरी रागावू नका. रात्री लवकर झोपवता येतं का बघा. शुक्रवारी फोन करते.' काय झालं, शाळा काय करणार, घराने काय करायचं आणि काय करायचं नाही, पुन्हा कधी बोलायचं, हे सगळं पाच छोट्या वाक्यांत बसतं. वाचता येत नसलेल्या घरासाठी हेच वीस-तीस सेकंदांच्या व्हॉइस मेसेजमध्ये पाठवावं, शक्य तर घरच्या भाषेत; ती भाषा बोलणारं कोणी ना कोणी शाळेत असतंच. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र एका मुलाबद्दल अवाक्षर लिहू नये. तिथला शेरा भिंतीवरच्या तक्त्याहून वाईट, कारण वाचला गेला की परत घेता येत नाही.

शेऱ्याऐवजी रोजचं कार्ड जास्त काम करतं. पोस्टकार्डाच्या आकाराचा पुठ्ठा, त्यावर तासांचे रकाने, डाव्या बाजूला जास्तीत जास्त दोन ध्येयं: 'हात-पाय स्वतःपाशी', 'बोलायचं तर हात वर'. दर तासाला खूण. सकाळी मुलाने कार्ड न्यायला यायचं, जाताना दाखवायचं, घरी सही. खुणा फक्त जमलेल्या गोष्टींच्या. फुल्या मारायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात निम्म्या खुणा म्हणजे यश धरा. पहिल्याच दिवशी 'सगळ्या खुणा मिळाल्या तरच' अशी अट घातली की कार्ड दुसऱ्या दिवशी गटारात सापडतं. आणि ज्या घरात कार्ड पाहून मार पडेल असं वाटतं, त्या घरी ते पाठवू नका, शाळेतच ठेवा.

वाळूचं घड्याळ आणि शांत कोपरा

एक, तीन आणि पाच मिनिटांची मिळतात. पाच मिनिटांचं एक घेतलं की प्राथमिक वर्गाला पुरतं. दुकानातच मोबाइलवर वेळ लावून तपासा. स्वस्तातल्यांत अर्ध्या-एक मिनिटाचा फरक सहज निघतो, आणि उलटं केल्यावर दोन्ही बाजूंची वेळ सारखी येत नाही. काच उघडी असलेलं नको. दोन्ही टोकांना रबर किंवा जाड प्लास्टिकच्या टोप्या हव्यात.

कोपऱ्यासाठी घडी घातलेली चादर किंवा सतरंजी, भिंतीला टेकायची जागा आणि हे घड्याळ. एवढंच. खेळणी ठेवली तर कोपरा बागेसारखा होतो, रांग लागते. जागा शिक्षिकेच्या नजरेत हवी. वर्गाबाहेर, व्हरांड्यात किंवा रिकाम्या खोलीत कधीही नाही: मूल कुठे जाईल याची खात्री नसते, आणि बंद खोलीत डांबणं ही शिक्षाच झाली.

वापरायची रीत. शांत असताना, दंगा झालेला नसताना, सगळ्या वर्गाला कोपरा दाखवून प्रत्येकाला एकदा बसवून घ्या. म्हणजे तिथे जाणं लाजिरवाणं राहत नाही. चिडलेल्या मुलाला हळू आवाजात 'कोपऱ्यात बसतोस का? वाळू संपली की ये' एवढंच सांगा. त्या वेळी प्रवचन नको. संतापलेल्या सहा वर्षांच्या मुलाला लांब वाक्यं ऐकूच येत नाहीत. हात धरून ओढायचं नाही. वाळू संपल्यावर मूल परत आलं की अर्धवट राहिलेलं काम त्याच्यापुढे ठेवायचं. ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, आणि तिच्यावाचून कोपरा बिघडतो. वाचनाचा तास टाळायला चिडणाऱ्या मुलाचं वाचन चुकलं तर उद्या तो तासाची घंटा व्हायच्या आत चिडतो.

टेबलावरची घंटी, शिट्टी, रिमोटचे आवाज यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वर्गात शिट्टी नको, शेजारचा वर्गही दचकतो. टाळीचा ठेका आणि त्याला मुलांचा ठेका फुकट आहे आणि जास्त चालतो, फक्त शांत झाल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही.

भांडणाची कार्डं

गुळगुळीत कागदावर छापलेली, भावनांच्या चेहऱ्यांची कार्डं आता मिळायला लागली आहेत. पहिली-दुसरीला चेहऱ्यांचा उपयोग होतो, पण वीस-तीस चेहरे लागत नाहीत. राग, भीती, रडू, लाज, आनंद हे पाच पुरेत. तिसरी-चौथीसाठी पुठ्ठ्यावर चार प्रश्न लिहा आणि दाराजवळ टांगा: काय झालं? तेव्हा तुला काय वाटत होतं? कोणाला त्रास झाला? आता काय केलं की नीट होईल?

मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत ढकलाढकली झाली, एकाचं ताट सांडलं, दुसऱ्याच्या ओठातून रक्त आलं. आधी दोघांना वेगळं करायचं, रक्त धुवायचं, मग प्रत्येकाला एकेकट्याने विचारायचं. 'का केलंस?' हा प्रश्न टाळावा. त्याला मुलं 'त्याने आधी केलं' हेच उत्तर देतात, पुढे काही निघत नाही. 'काय झालं?' म्हटलं की क्रम सांगतात. दोघं शांत झाल्यावर समोरासमोर, चार प्रश्न, सात-आठ मिनिटं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलांकडून येऊ द्यावं: सांडलेलं पुसायला दोघं, नवं ताट आणून द्यायला एक. 'चल, सॉरी म्हण' हा सगळ्यात घाईचा आणि सगळ्यात निकामी निवाडा. म्हणणाऱ्याचा राग जात नाही आणि ज्याला लागलं त्याला काही मिळत नाही. जखम झाली असेल तर दोन्ही घरी त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत कळवायचं. मूल घरी पोचून सांगेल तो वृत्तांत आणि शाळेचा वृत्तांत यांत एक रात्र गेली की दुसऱ्या दिवशी दारात दोन कुटुंबं उभी असतात.

तयार नोंदींची पुस्तिका

वर्णनात्मक नोंदींसाठी मिळणाऱ्या तयार वाक्यांच्या पुस्तिका घेऊ नका. प्रगती पत्रकात 'विशेष प्रगती', 'आवड-छंद', 'सुधारणा आवश्यक' हे रकाने ठेवले ते त्या एका मुलाला पाहून लिहिण्यासाठी. पुस्तिकेतलं 'वर्गात शांत बसत नाही' चाळीसपैकी बारा मुलांच्या पत्रकात उतरलेलं असतं. ते वाचून पुढच्या वर्गशिक्षकाला काही कळत नाही; फक्त जूनच्या पहिल्या दिवशी त्या बारांची नावं त्याला आधीच माहीत असतात.

चार रकान्यांची वही

या सगळ्या सामानात उत्तम साधन म्हणजे साधी शंभर पानी वही आणि एक फूटपट्टी. पानावर तीन उभ्या रेघा मारा. चार रकाने: वेळ आणि तास, त्याआधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. सगळ्या वर्गासाठी नाही, ज्या एक-दोन मुलांनी जेरीस आणलं आहे त्यांच्यासाठीच. दहा शाळेचे दिवस. एका नोंदीला अर्धा मिनिट, म्हणून तासाच्या शेवटी लिहायला वेळ निघतो.

तिसऱ्या रकान्यात विशेषणं नकोत. 'उद्धट', 'हट्टी', 'नाटकी' यांतून काही शोधता येत नाही. 'वही फेकली', 'शेजाऱ्याचा खोडरबर ओढला', 'बाकाखाली जाऊन बसला' असं, डोळ्यांना दिसलं तेवढंच. चौथ्या रकान्यात स्वतः काय केलं ते प्रामाणिकपणे: 'मी ओरडले, सगळे हसले, त्याला बाहेर पाठवलं.'

एका मुलाच्या वहीचं पान असं दिसू शकतं. सोमवार, मराठी, आळीपाळीने वाचन सुरू, त्याचा नंबर यायच्या आधी शेजाऱ्याला चिमटा काढला, बाहेर पाठवलं. मंगळवार, गणित, काही नाही. बुधवार, मराठी, वाचन, पेन्सिल फेकली, बाहेर पाठवलं. गुरुवार, परिसर अभ्यास, उतारा मोठ्याने वाचायचा होता, पोटात दुखतंय म्हणाला, बसून राहिला. हे पान वाचल्यावर मुलगा दंगेखोर आहे असं कोणी म्हणणार नाही. त्याला वाचता येत नाही, आणि ते चाळीस जणांसमोर उघडं पडू नये म्हणून तो आधीच बाहेर जायची सोय करतो आहे. दर वेळी बाहेर पाठवून शाळा त्याला तेच देत होती. उपाय: मोठ्याने वाचायला लावणं काही दिवस थांबवायचं, रोज दहा मिनिटं एकट्याला मुळाक्षरांपासून, आणि वर्गात वाचायचं तर आदल्या दिवशी तयार करून घेतलेली दोन वाक्यं.

दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यांत वारंवार सापडणाऱ्या जोड्या साधारण अशा असतात. फळ्यावरून उतरवून घ्यायच्या वेळीच बडबड: मूल मागच्या बाकावर आहे का बघा, पुढे बसवून फरक पडतो का बघा, आणि डोळे तपासा. सकाळच्या शाळेत आहार मिळेपर्यंतच चिडचिड: सकाळच्या घाईत मूल काही न खाता आलेलं असतं. आल्या आल्या दोन बिस्किटं किंवा मूठभर शेंगदाणे देऊन पाहा. फक्त तोंडी सूचनांच्या वेळी गोंधळ: घरची भाषा वेगळी असेल तर सूचना समजलेली नसते, किंवा ऐकू कमी येत असतं. एकेक सूचना, हातवाऱ्यासह. फक्त मधल्या सुट्टीनंतर: मैदानावर कोणीतरी त्रास देतंय, तिथे दोन दिवस उभं राहून पाहा. सोमवारी किंवा सुट्टीनंतरच: घराकडे लक्ष द्यायला हवं. आणि वागणं अचानक बदललं, अंगावर वळ दिसले, कोणा एका माणसाला मूल घाबरतं असं वाटलं, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं.

वहीचे तोटेही आहेत. ती कपाटात कुलपात ठेवावी लागते. मॉनिटरच्या हाती लागली तर चिमट्यांच्या तक्त्याहून जास्त नुकसान होतं. मुलांकडून नोंदी लिहवून घ्यायच्या नाहीत, मॉनिटरने फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावं' लिहिण्याची प्रथाही बंद करायला हवी, कारण नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात ती सत्ता गेली की दोस्तांची नावं गळतात. आणि पन्नासच्या पटाच्या वर्गात एकट्या शिक्षिकेला हे जड जातं, हे खरं आहे. कायद्याचं प्रमाण पहिली ते पाचवीला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक असं आहे. पट त्याच्या पुढे गेलेल्या वर्गात आठवड्यातून एक तास दुसऱ्या शिक्षकाने येऊन नुसत्या नोंदी कराव्यात अशी सोय मुख्याध्यापकांनीच करून द्यायला हवी.

शाळा निवडताना पालकांनी

प्रवेशाच्या वेळी इमारत आणि स्मार्ट बोर्ड दाखवले जातात. त्याऐवजी वर्गात डोकावून भिंत बघा: मुलांची नावं लालवर आहेत का, 'अभ्यास न करणारे' अशी यादी लावली आहे का. मग विचारा: मारामारी झाली तर त्या दिवशी शाळा नेमकं काय करते? पालकांना कधी कळवता? तक्रारपेटी कुठे आहे आणि कोणासमोर उघडतात? पहिल्या प्रश्नाला पायऱ्या सांगणारी शाळा चांगली. 'आमच्याकडे कडक शिस्त आहे, असं होतच नाही' असं उत्तर आलं तर पुढच्या शाळेत जा, कारण सहा ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये ते सगळीकडेच होतं.

'सुधारला नाही तर दाखला घेऊन जा' ही धमकी अजून ऐकू येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला मागे ठेवण्याची मुभा आली, काढून टाकण्याची नाही. दबावाखाली दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. स्वतःच्या सहीने अर्ज गेला की कागदावर ती तुमचीच इच्छा ठरते.

तक्रार करायची वेळ आली तर आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तुमच्या गल्लीतलं कोणीतरी त्यात असण्याची शक्यता बरीच. तिथेही झालं नाही तर शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, तालुक्यात गटशिक्षणाधिकारी. मार किंवा त्याहून गंभीर काही असेल तर ही उतरंड पाळत बसू नका: 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. तक्रार लेखी द्या, तारीख, तास आणि मुलाने सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहा, अंगावर खूण असेल तर सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी दाखवा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा आवक शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.